सेकंडहँड होडी घेताना: पाच इंचांचा हिशेब

 

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. आपल्याच एका श्रोत्यानं पाठवली. म्हणतो, "दादा, 22 फुटी फायबर होडी मिळतेय, इंजिनासकट. रंग एकदम नवा आहे. मालक म्हणतो, दोन दिवसांत सांग, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. घेऊ का?" सोबत चार फोटो. खरंच देखणी होडी. निळा-पांढरा रंग, नाळेवर देवीचं नाव.

मी त्याला एवढंच विचारलं, "तुझ्या खाडीच्या मुखाशी सुकतीला पाणी किती असतं?"

दोन दिवस झाले, उत्तर नाही. म्हणून म्हटलं, यावर एक अख्खा भागच करू. कारण हाच प्रश्न मला चार वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर माझ्या चुलतभावाची दोन बोटं आज नीट वळली असती.

मी कर्ली खाडीच्या काठचा. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि मध्ये देवबागची अरुंद वाळूची पट्टी. जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर ते जागा बदलतात. गेल्या वर्षीची वाट या वर्षी चालेलच असं नाही. बाबांची उलांडीची लाकडी होडी होती, वल्ह्याची. तिला गुडघाभर पाणी पुरायचं. ती कुजली, बाबा थकले, आणि मी गोव्यातली हॉटेलची नोकरी सोडून घरी आलो. ठरवलं, फायबरची होडी घ्यायची, मागे इंजिन लावायचं. आईनं बचत गटातून कर्ज काढलं, माझी शिल्लक त्यात घातली. 1 लाख 60 हजारांना होडी आणि इंजिन घेतलं.

बघायला कधी गेलो? मे महिन्यात, पौर्णिमेच्या आसपास, दुपारी अकरा-बाराला. म्हणजे भर भरतीला. होडी जेट्टीला डौलात उभी. मालकानं दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. एक चक्कर मारली. मी खूश. शेजारचे तात्या आजोबा नंतर म्हणाले, "झिला, व्हडी बघूक सुकतीक जावचा. भरतीक खयचीय व्हडी बरीच दिसता." तोपर्यंत पैसे देऊन झाले होते.

आता पाच इंचांचं सांगतो.

आउटबोर्ड इंजिनाचा पाय, ज्याला आपण शाफ्ट म्हणतो, तो लहान इंजिनांत मुख्यतः दोन मापांचा येतो. शॉर्ट म्हणजे 15 इंच आणि लाँग म्हणजे 20 इंच. होडीची मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, तीसुद्धा त्याच मापाची हवी. माझ्या होडीची फळी 15 इंची होती. इंजिन 20 इंची. म्हणजे पंखा हवा त्यापेक्षा पाच इंच खाली. मी मालकाला विचारलं होतं, पाय जरा लांब वाटतोय. तो म्हणाला, "चांगलंच की, पाण्याला पकड जास्त." खोल समुद्रात एक वेळ चाललं असतं. माझ्या खाडीत नाही.

साधा हिशेब करा. माल आणि दोन माणसं घेऊन माझी होडी मागच्या बाजूला एक फूट बुडायची. बरोबर मापाचं इंजिन असेल तर त्याचा पंखा आणि त्याखालची पात मिळून होडीच्या तळाच्या खाली आणखी साधारण एक फूट. झाले दोन फूट. माझे झाले दोन फूट पाच इंच. आणि दांड्यावर लाट असते. दोन लाटांच्या मधल्या पोटात पाणी आणखी उतरतं.

नारळी पौर्णिमेनंतरचा तिसरा की चौथा आठवडा असेल. मी आणि चुलतभाऊ जाळी ओढून परत येत होतो. ओहोटी लागलेली. बाबा ज्या वाटेनं आयुष्यभर आले त्याच वाटेनं मी होडी घातली. पंखा वाळूत घुसला. पंख्याच्या आत रबराचा बुश असतो, धक्का बसला की तो फिरतो आणि गिअर वाचतो. तो गेला. इंजिन ओरडतंय, पण होडी पुढे जात नाही. दहा सेकंदांत होडी लाटेला आडवी झाली. पुढची लाट सरळ आत. भाऊ तोल जाऊन पडला आणि त्याचा हात होडीची कड आणि नांगर यांच्यामध्ये सापडला. मी पाण्यात उडी मारली, छातीभर पाण्यात उभा राहून नाळ लाटेकडे वळवली. बायकोला तो दिवस मी आजही पूर्ण सांगितलेला नाही. तुम्हाला सांगतोय.

जीव वाचले. जाळं गेलं. दोन बोटांची हाडं मोडली. इंजिन काढून बघितलं तेव्हा कळलं, मागची फळी आतून कुजलेली होती. म्हणजे इंजिन वर उचलून मध्ये लाकडी ठोकळा घालायचा सोपा उपायही करता येईना. फळीत बोल्ट धरायची ताकदच नव्हती. होडी मिळेल त्या किमतीला फुंकली. कर्ज राहिलं.

म्हणून आज जे सांगतो ते त्या कर्जानं शिकवलेलं आहे. क्रम लक्षात ठेवा: आधी पाणी, मग होडी, मग इंजिन, शेवटी रंग. मी बरोबर उलटं केलं होतं.

तर आधी पाणी.

एक बांबू घ्या. त्यावर अर्ध्या-अर्ध्या फुटाला रंगाच्या खुणा करा. ओळखीच्या कुणाच्या होडीतून आपल्या रोजच्या वाटेनं जा आणि जिथे जिथे उथळ वाटतं तिथे बांबू टाका. हे करायचं उधाणाच्या सुकतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, कारण तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते आणि सुकतीही कमी उतरते. तेव्हा मोजलंत तर फसाल.

वेळ कशी काढायची? मोबाइलवर भरती-ओहोटीची ॲप आहेत, वापरा. पण आपल्याकडचा जुना हिशेबही डोक्यात असू द्या: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात साधारण सहा तास मिळवले की सुकती. हा हिशेब मुंबईकडे चांगला जुळतो, दुसऱ्या बंदरात थोडा पुढे-मागे होतो. मोबाइलची बॅटरी संपते, तिथी संपत नाही.

अजून एक. मुंबईच्या मित्राचं ऐकून मालवणात होडी घेऊ नका, किंवा उलटंही. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. आमच्याकडे मालवणात साधारण दोन मीटर. किनारा एकच, पाणी वेगळं. तुमच्या वाटेवरचं सगळ्यात कमी पाणी तुमच्या वहीत आकड्यानं लिहिलेलं पाहिजे. तो आकडा हातात आला की अर्ध्या होड्या आपोआप यादीतून जातात.

आता होडी.

उथळ पाण्याला तळ सपाटीकडे झुकणारा हवा, नाळेकडे थोडा टोकदार. खोल टोकदार तळाची होडी लाट छान कापते, पण बुडते जास्त, आणि वाळूवर बसली की एका कुशीवर कलंडते. उलट अगदी सपाट तळ खाडीत मस्त, पण बाहेर लाटेवर आपटून कंबर मोडेल. तुमचं काम किती खाडीत आणि किती बाहेर, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. दहा दिवसांतले आठ दिवस खाडीत बोय आणि कुर्ल्या करणार असाल तर दोन दिवसांसाठी खोल होडी घेऊ नका.

होडी बघायची ती पाण्याबाहेर. वाळूवर ओढलेली. मालक म्हणाला, आत्ता ओढता येणार नाही, तर म्हणा, मग मी सुकतीला येतो.

खिशात दोन रुपयांचं नाणं ठेवा. तळावर, कडेला, सगळीकडे हातभर अंतरावर ते वाजवत जा. चांगलं फायबर टणक, कोरडं वाजतं. जिथे आवाज मेलेला, भद्द येतो तिथे आतले थर सुटलेत किंवा पाणी धरलंय. फोड आलेत का बघा. एका ठिकाणीच ताजा रंग असेल तर तिथेच जास्त वेळ घालवा. नवा रंग वाईट नसतो, पण तो कशावर चढवलाय हे विचारायला लाजू नका. आतून फळ्या उचलून तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या बघा, तळापासून सुटल्यात का. जेवढ्या लांबीची होडी चार माणसं सहज ओढतात, तेवढीच ओढायला सहा लागत असतील तर आत पाणी मुरलंय असं समजा.

आणि मग मागची फळी. बाजारात हिला ट्रान्सम म्हणतात. वरून फायबर दिसतं, आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि प्लाय आतून कुजतो. बाहेरून काही दिसत नाही. परीक्षा सोपी आहे: इंजिन फळीवर असताना त्याचा खालचा पाय धरून मागे-पुढे हलवा. फळी वाकताना दिसली, कोपऱ्यात बारीक तडे उघडताना दिसले, किंवा बोल्टच्या भोवती तपकिरी पाणी पाझरलेलं असेल, तर हात जोडा आणि घरी या. फळी बदलता येते, पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. शेवटी टेप काढा. फळीची उंची मधोमध मोजा, वरच्या काठापासून तळाच्या खालच्या कडेपर्यंत. 15 की 20? लिहून ठेवा.

आता इंजिन.

पहिली गोष्ट, ताकद. 18-20 फुटी हलकी फायबर होडी, दोन माणसं, जाळी आणि बर्फ, काम खाडीत आणि किनाऱ्यालगत, याला 8 ते 10 हॉर्सपॉवर पुरते. रील्स बघून 25 ची हाव धरू नका. मोठं इंजिन जड, त्यामुळे होडी मागून बसते. आणि एकदम थ्रॉटल दिला की मागची बाजू आणखी दबते. उथळ पाण्यात नेमकं हेच नको असतं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकं. 15 हॉर्सपॉवरचं साधारण 36 किलो, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक 50 च्या आसपास. टू-स्ट्रोक गावातला मेकॅनिक डोळे मिटून उघडतो. पण पेट्रोल जास्त पितं आणि ऑइल मिसळावं लागतं, बऱ्याच मॉडेलना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. फोर-स्ट्रोक शांत, पेट्रोल वाचवतं. पण ते कुठल्याही कुशीवर आडवं ठेवून चालत नाही, ऑइल नको तिथे जातं. रोज इंजिन खांद्यावर घरी नेणार असाल तर हा फरक छोटा नाही.

तपासायला जाताना आदल्या दिवशी सांगा, "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." गेल्यावर आधी हात लावून बघा, थंड आहे का. गरम इंजिन कुणाचंही पहिल्या झटक्यात सुरू होतं. माझं झालं होतं ना!

मग खाली वाका. पंख्याच्या खाली माशाच्या परासारखी एक पात असते. ती इंजिनाची कुंडली आहे. घासून आखूड झाली असेल तर हे इंजिन वाळूत नांगरलंय. वाळूत चाललेल्या इंजिनात पाणी खेचणारा रबरी इम्पेलर झिजलेला असणारच. तो स्वस्त मिळतो, पण बदलायचा खर्च आधीच धरा, कारण तो गेला की थंड करणारं पाणी बंद आणि इंजिन जळून जाम. सुरू केल्यावर मागून मुतारीसारखी पाण्याची धार येते ती बघा. सरळ, जोरात, अखंड हवी. किमान दहा मिनिटं चालू ठेवा. पाणी कोमट ठीक, चटका बसणारं नको.

गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू थोडा सैल करून ऑइल बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय, आत खारं पाणी शिरलंय. त्यानंतर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन बघा. दोन सिलिंडर असतील तर दोघांचा आकडा जवळपास सारखा हवा. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर विषय संपला. मेकॅनिकला दिलेले पाचशे रुपये हे सगळ्या व्यवहारातले सर्वांत कामाचे पैसे. तो मेकॅनिक मात्र तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको.

आपल्याकडे आता एक नवी अडचण आहे. खाडीकाठी पर्यटन वाढलंय आणि वॉटर स्पोर्ट्सची इंजिनं सीझननंतर विकायला येतात. दिसायला नवी, पण दिवसभर फुल थ्रॉटलवर पळालेली. "दोनच वर्षं वापरलंय" असं म्हटलं तर विचारा, दिवसाला किती तास?

आणि पावसाळ्यात बंद पडून राहिलेलं इंजिन असेल तर कार्बोरेटर उघडून बघा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. त्या दोन महिन्यांत टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरची वाट लावतं. तुम्हीही बंदीआधी टाकी रिकामी करा, पिंपात गोडं पाणी भरून त्यात इंजिन चालवा, मग ठेवा.

कागद. हा कंटाळवाणा भाग आहे, पण पळवू नका. होडीच्या अंगावरचा आयएनडी-एमएचनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे ना? मासेमारीचा परवाना कुणाच्या नावावर? बँकेचा किंवा संस्थेचा बोजा आहे का? इंजिनाचा सिरियल नंबर खरेदीच्या बिलाशी जुळतो का? बिल नसेल आणि नंबर घासलेला असेल तर ते इंजिन चोरीचं असू शकतं, फुकट दिलं तरी नको. मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे नाव बदलेपर्यंत सगळे पैसे देऊ नका. आणि मासेमारीच्या परवान्यावर पर्यटक फिरवायचे नाहीत, त्याची परवानगी वेगळी असते.

आता शेवटचं. माझी दुसरी होडी.

पहिली विकल्यावर दीड वर्ष मी दुसऱ्यांच्या होडीवर गेलो. मग कळलं, खाडीच्या वरच्या अंगाला एका काकींची होडी विकायची आहे. काकांना अर्धांगवायू झालेला, खुर्चीत बसून असायचे, बोलणं अडखळत. मी सुकतीला गेलो. 18 फुटी, रंग उडालेला, फोटोत काढावी अशी अजिबात नाही. मी खिशातून पैसे काढायला लागलो, कारण खरं सांगतो, मला त्या घरी घासाघीस करायला लाज वाटत होती.

काकी म्हणाल्या, "पैशे मागसून मोज. आदी फळी वाजव."

मी नाणं काढलं. डाव्या कोपऱ्यात आवाज भद्द आला. काका खुर्चीतून मान हलवत होते, हो, हो, तिथेच. काकी म्हणाल्या, "थंय पाणी धरता. तुझी आवस पण वाट बघीत असतली ना?" आणि त्यांनी स्वतःहून दुरुस्तीचे पैसे कमी केले. मी पैसे कमी करायला नको म्हटलं तर ऐकेनात. फळी नवी घालून घेतली. 15 इंच. इंजिन घेतलं 8 हॉर्सपॉवरचं, शॉर्ट शाफ्ट. टेपनं तीनदा मोजून.

त्या दिवशी एक गोष्ट समजली. सेकंडहँड होडीत खोट असतेच. खोट नसलेली होडी शोधायची नाही. खोट दाखवणारा माणूस शोधायचा. आणि तो भेटला नाही तर आपण स्वतः सुकतीला जाऊन ती शोधायची.

आज मी दांड्याजवळ आलो की इंजिन अर्धं वर उचलतो, वेग कमी करतो, आणि भाऊ नाळेवर बांबू घेऊन उभा राहतो. हो, तोच भाऊ. त्याची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण बांबू धरता येतो. "तीन... अडीच... अडीच... दोन, थांब!" असं ओरडतो. वल्ही कायम होडीत. लाइफ जॅकेट अंगात, पिशवीत नाही. आणि मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा 1554.

तर ज्या मित्रानं व्हॉइस नोट पाठवली त्याला: दोन दिवसांची मुदत देणारा माणूस तुला होडी विकत नाहीये, घाई विकतोय. दुसरा गिऱ्हाईक घेऊन गेला तर जाऊ दे. किनाऱ्यावर होड्या खूप आहेत. येत्या अमावास्येला बांबू घेऊन जा, पाणी मोज आणि मला आकडा पाठव. मग आपण फोटो बघू.

बाकीच्यांनीही आपापल्या खाडीचं नाव आणि सुकतीचं पाणी व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात जाळ्यांबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून राहा. येतो.